होल्ड

लोखंडी सळयांचा गठ्ठा जहाजावर लोंबकळत होता, आणि वायरलेसच्या खरखरीतून एकच शब्द आला. "होल्ड!"

क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये दुभाषी बाई घडीच्या स्टुलावर अंग चोरून बसली होती. नेहमीचा दुभाषी आजारी, म्हणून आज तिला बोलावलेलं. डेकवरच्या मुकादमाला फक्त इंग्रजी येई, क्रेनवाल्याला फक्त फ्रेंच. गठ्ठा कुठे ठेवायचा, एवढंच तिनं विचारलं होतं.

"काय म्हणतोय?" क्रेनवाल्याचा हात दांड्यावर होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. होल्ड म्हणजे थांब. होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातलं, माल भरायचं कोठारही. फ्रेंचमध्ये त्याला दोन वेगळे शब्द, आणि तिला त्यातला एकच निवडायचा होता. तिनं बटण दाबून पुन्हा विचारलं. नुसती खरखर.

"पोरी, वारा सुटलाय. फार वेळ असं टांगून ठेवता येत नाही. सोडू का खाली?"

कोठाराचं तोंड काळंकुट्ट होतं. केबिनमधून तळ दिसतच नव्हता.

"थांबा," ती म्हणाली.

गठ्ठा झोके खाऊ लागला. वरची तार करकरली. क्रेनवाल्यानं दात आवळले.

मग एकदम वायरलेस साफ झाला आणि मुकादम कडाडला, "झोपलात काय तिथे? होल्डमध्ये सोडा म्हटलं मी! कोठारात! एवढं साधं इंग्रजी कळत नाही, तर आलात कशाला?"

तिचे कान तापले. "काका, कोठारात सोडा. माझंच चुकलं."

क्रेनवाल्यानं दांडा सरकवला. गठ्ठा वीतभर उतरला असेल नसेल, तोच त्याचा हात थबकला.

कोठाराच्या शिडीवरून एक पिवळं हेल्मेट वर आलं. मागोमाग खांदे, बगलेत जेवणाचा डबा. त्या माणसानं मान वर केली, डोक्यावरचा गठ्ठा पाहिला आणि जवळजवळ पडतच तो डेकवर बाजूला झाला.

"जावई आहे माझा," क्रेनवाला म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "कोठारातले सगळे वर आलेत, असं हाच मुकादम म्हणाला होता ना?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"पहिल्यांदाही मुकादम कोठारच म्हणाला होता?" क्रेनवाल्यानं विचारलं.

"हो."

"मग तुला थांबा कसं सुचलं?"

"सुचलं नाही, काका. घाबरले."

क्रेनवाल्यानं दांडा सोडला. उजवा हात त्यानं डाव्या हातानं छातीशी घट्ट धरून ठेवला.