आप्पांनी लावलेला नंबर

राजारामपुरीतल्या दवाखान्यात आल्यापासून सोमेशचं बूड एका जागी टिकत नव्हतं. सारखा उठायचा, दारापर्यंत जायचा, परत येऊन वडिलांवर डाफरायचा. वडील मात्र टोपी मांडीवर ठेवून बाकावर निवांत बसले होते.

“आप्पा, लघवीचा तरास इतकी वर्सं अंगावर काढलासा. आधी सांगाय काय झालतं?”

“बापानं पोराला असलं सांगायचं असतंय व्हय?”

“मग आज तरी मला कशाला आणलासा?”

“भ्या वाटलं.”

गोठ्यात निघालेला नाग शेपटीला धरून भिरकावणारे आप्पा, आणि त्यांना भ्या? सोमेश तडक काउंटरवर गेला.

“ताई, म्हातारं माणूस हाय, चंदगडासनं आलोय. जरा लवकर घ्या की.”

“आलाच तुमचा नंबर. सोमेश कोरी, वय पंचेचाळीस. चला आत.”

“माझं नव्हं ओ, आप्पांचं नाव असंल.”

“तुझंच हाय,” मागून आप्पा म्हणाले. “माझं गेल्या म्हयन्यातच कळलंय. प्रोस्टेटचा क्यान्सर हाय. डॉक्टर म्हणालं, बापाला असला तर पोरानं तरास व्हायची वाट बघायची न्हाय, पंचेचाळिशीतच रक्त तपासून घ्यायचं. खरं सांगितलं असतं तर तू आला असतास व्हय?”

सोमेश काउंटर सोडून आप्पांजवळ आला.

आप्पांनी टोपी डोक्यावर चढवली.

“भ्या वाटलं म्हणलो, ते काय खोटं न्हवतं. जा आत.”