पेपर प्लेट्स

१९८४ साली ओहायोतल्या एका आर्ट म्युझियममध्ये मराठी मंडळाने भारतातल्या खेड्यावरची फिल्म दाखवली. नंतर एका अमेरिकन बाईंनी स्टेजवरच्या डॉक्टर बर्व्यांना विचारलं, "तुमच्यात अजून जात पाळतात?"

"छे! इथे आम्ही सगळे एकत्र जेवतो."

मंडळाच्या जेवणाला प्रत्येक घरातून एक पदार्थ यायचा. मंडळातल्या संघमित्राला मात्र दर वेळी पेपर प्लेट्स आणायला सांगत. ती आता प्रेक्षकांतून उभी राहून मराठीत म्हणाली, "काका, मग पुढच्या वेळी मसालेभात मी करून आणते."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. पहिल्या रांगेतून बर्वेकाकूच म्हणाल्या, "अगं, जॉब करून कशाला त्रास घेतेस? तू आपल्या प्लेट्सच आण."

"त्या काय म्हणाल्या?" अमेरिकन बाईंनी विचारलं.

संघमित्रा इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं त्यांनी."