दाराजवळचा घडा

"फुटणार नाही," हेर क्रेमर म्हणाले आणि निळ्या-करड्या घड्यावर त्यांनी हातातला दगड ठाणकन आपटला. दगडाचा टवका उडाला. घड्यावर ओरखडासुद्धा नाही.

म्हातारबुवा भलतेच खुशीत होते. ऐंशी ओलांडलेला हा जर्मन कुंभार. गेली कित्येक वर्षं त्यांच्या दाराशी घडा मागायला कुणी फिरकलं नव्हतं, आणि आज भर दुपारी एक भारतीय जोडपं एश्बॉर्नहून तासभर गाडी चालवत आलं होतं. कपिलचा चेहरा मात्र पडला.

"पाणी भरायला घडा हवाय," एवढंच त्याने सांगितलं होतं. तसं ते खोटं नव्हतं. उद्या अकरा वाजता त्याच्या वडिलांचं दहन होतं. दीनानाथ दोन महिन्यांसाठी मुलाकडे राहायला आले होते आणि मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेले. साताऱ्याहून कुंदाआत्याने फोनवर बजावलं होतं, "खांद्यावर पाण्याचं मडकं घ्यायचं, तीन फेऱ्या, दर फेरीला दगडाने एक भोक. शेवटी मागे न बघता खांद्यावरून टाकायचं. फुटलंच पाहिजे. एवढं तरी नीट करा रे माझ्या दादाचं."

बाऊमार्क्टमधल्या, म्हणजे घरदुरुस्तीच्या दुकानातल्या मातीच्या कुंडीचा फोटो पाठवला, तर आत्याने फोनच बंद केला. तिचंही बरोबर होतं. कुंडीच्या तळाला आधीच भोक. पहिली फेरी व्हायच्या आत पाणी संपलं असतं. मग इंटरनेटवर हे कुंभारांचं गाव सापडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या भट्ट्या. एकीच्या चिमणीतून बर्चचं झाड वर आलेलं, दुसरीत कुणीतरी गाडी लावलेली. धूर कुठेच नव्हता. या एका दारावर तेवढी कुंभाराची पाटी शिल्लक होती.

"कपिल, सांगून टाक ना त्यांना," स्वरूपा मराठीत पुटपुटली.

"काय सांगू? तुमचा घडा फोडायला नेतोय म्हणून?"

"हो. तसंच सांग."

त्याने सांगितलं. अडखळत, नको तिथे माफी मागत. हेर क्रेमरनी हातातला दगड खिडकीत ठेवून दिला.

"आल्झो, असं होय," ते म्हणाले, "साठ वर्षं मी न फुटणारे घडे केले. फुटणारा मागायला आलेले तुम्ही पहिलेच."

रागावलेत की काय, ते कळेना. ते काठी टेकत मागच्या अंगणात निघाले, तशी ही दोघंही मागोमाग गेली. भट्टीच्या तोंडाशी कमरेएवढं गवत माजलं होतं. काठीने ते बाजूला सारत हेर क्रेमर सांगू लागले, भट्टी पुरती तापली की वरून मीठ टाकायचं. त्यानेच घड्याला चकाकी येते. पांढरा ढग गावभर उतरायचा. बायका आरडाओरडा करत वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या.

"आता कपडे बाहेरच असतात," ते म्हणाले.

वाकून त्यांनी भट्टीच्या दाराच्या आतला एक घडा बाहेर काढला. फिकट, चकाकी नसलेला. बोटाने वाजवला. बद्द आवाज आला. कपिलला तो आवाज ओळखीचा होता. असा आवाज आला की त्याची आई माठ परत ठेवून पुढच्या कुंभाराकडे जायची.

"शेवटची भट्टी. अकरा वर्षं झाली. दाराजवळ आच पोचली नाही, हा कच्चा राहिला. लेनी म्हणाली, फेकून दे." ते थांबले. "लेनी माझी बायको होती. तिनेच चाकावर केला होता. हा फुटेल."

"नको," कपिल घाईने म्हणाला. "हा नको. हा तुमच्या..."

"न फुटणारे घरभर पडलेत. त्यांचं मी काय करतोय?"

स्वरूपाने दीनानाथांची शाल आणली होती. तिने घडा त्यात गुंडाळून बाळासारखा छातीशी धरला.

"उद्या किती माणसं आहेत?" हेर क्रेमरनी विचारलं.

"आम्ही दोघंच. ऑगस्ट आहे ना. ओळखीचे सगळे सुट्टीला भारतात गेलेत."

कपिलने हे खाली बघत सांगितलं. वडील गेल्याचं दुःख होतंच, पण खांदा द्यायला चार माणसं नाहीत, हे त्याला जास्त लागलं होतं. आणि जास्त लागलं म्हणून स्वतःची लाजही वाटत होती.

"फुटल्यावर तुकडे कोण उचलणार?"

"आमच्यात उचलत नाहीत. मागे वळून बघायचंच नसतं. टाकायचं आणि तसंच निघून यायचं."

"पण दहनगृहाच्या लोकांनी लेखी कळवलंय," स्वरूपा म्हणाली, "अंगण झाडून द्यावं लागेल. त्याचं काय करायचं, आम्हालाही सुचत नाहीये."

भट्टीच्या भिंतीला टेकवलेला झाडू हेर क्रेमरनी उचलला. काड्या झिजून आखूड झाल्या होत्या. त्यांनी त्यातलं कोळ्याचं जाळं हाताने काढलं, झाडू दोनदा जमिनीवर आपटून झटकला.

"पत्ता लिहून द्या," ते म्हणाले. "सकाळी साडेसहाची बस आहे."

कपिलने खिशातलं पेन काढलं.

"मी तुमच्यातला नाही," म्हातारबुवा म्हणाले. "मी मागे बघितलेलं चालेल ना?"