सकाळची फेरी

सकाळी सव्वाआठ वाजता बाबांची गाडी सुरू झाली नाही. स्टार्टर फिरला, इंजिन एकदा खाकरल्यासारखं झालं आणि गप्प बसलं. बाबांनी चावी पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

वरच्या मजल्याच्या गॅलरीत चहा घेत उभ्या असलेल्या मुलाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा रिले, काडेपेटीहून लहान अशी काळी डबी, त्यानेच आदल्या संध्याकाळी काढून घेतला होता आणि त्या जागी जळालेला बसवला होता. दिसायला दोन्ही सारखे. जळालेला रिले मेकॅनिकने दिला होता, नाखुशीनेच.

"गाडीत खोट नाही हो," तो एक चक्कर मारून येऊन म्हणाला होता. "स्टिअरिंग सरळ, ब्रेक चोख, गिअर लोण्यासारखे पडतात. काकांनी पोटच्या पोरासारखी सांभाळलीय."

"खोट गाडीत नाहीच," मुलगा म्हणाला होता.

खोट कुठे आहे ते तो महिनाभर बघत होता. एकेकाळी घाटात ट्रक मागे टाकणारे बाबा हल्ली रिकाम्या रस्त्यावरही सायकलच्या वेगाने जात. मागचे हॉर्न वाजवत, शिव्या घालत. बाबांना त्याचा पत्ता नसे. एक खड्डा चुकवायला गाडी पार पलीकडच्या अंगाला नेत. गतिरोधक दिसला की जवळजवळ थांबतच. डाव्या दारावर भिंतीला घासल्याचे लांब ओरखडे होते. विचारलं तर म्हणाले, लागलं असेल कुठंतरी. शेजारची सीट मागे पाडलेली असे, ती सरळ करायचंही त्यांना सुचत नसे. आणि अशा अवस्थेत रोज सकाळी आईला शेजारी घालून फेरी. कुठे, तर मोकळ्या हवेला.

सुनेचे दिवस भरत आले होते. ती नवऱ्याला स्पष्टच म्हणाली, की या गाडीत मी माझं बाळ बसवणार नाही, आणि तुम्ही त्यांना थांबवलं नाहीत तर एक दिवस पोलिसांचा फोन येईल.

समोरासमोर सांगून झालं होतं. बाबांनी चार दिवस अबोला धरला होता. म्हणून हा मार्ग. भांडण नाही, अपमान नाही. जुनी गाडी बंद पडते, माणूस हळूहळू निवळतो, असा मुलाचा हिशेब होता.

बाबा निवळले नाहीत. शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात जन्म गेलेला माणूस, पण त्यांनी प्लग काढून घासले, बॅटरी नवी आणली, तारा एकेक करून तपासल्या. मेकॅनिक ठरल्याप्रमाणे सांगत राहिला, की पंप गेलाय, पार्ट मागवलाय, उद्या येईल.

"तुझा उद्या कुठल्या कॅलेंडरात असतो रे?" बाबांनी त्याला विचारलं. तो खाली बघत स्क्रू पिळत राहिला.

एकदा त्यांनी टॅक्सी बोलावली. अर्ध्या तासात दोघं परत आली. बाबांच्या खांद्याला धरून आई आत गेली आणि टॅक्सीवाला पुटपुटत सीट धूत बसला. मुलाला नवल वाटलं नाही. आईला गाडी पहिल्यापासून लागायची. लहानपणच्या सगळ्या सहली त्याला आईच्या ओकाऱ्यांसकट आठवत होत्या.

"तुझ्या बाबांनी चालवली तरच माझं पोटातलं पोटात राहतं," आई बसलेल्या आवाजात हसत म्हणाली. आवाजाचं काय झालं म्हणून त्याने विचारलं, तर गार पाणी प्यायले म्हणाली.

त्या संध्याकाळी बाबा जिना चढून वर आले. आल्या आल्या बसले नाहीत.

"तुझी गाडी सकाळची दोन तास देतोस का?"

"कुठे जायचंय ते सांगा ना, मी सोडतो."

बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सून तिथे खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती.

"नको. तुझं ऑफिस असतं," ते म्हणाले आणि कठडा धरून खाली उतरले.

आठवडा उलटला. शनिवारी मुलाच्या ऑफिसला सुट्टी होती; सकाळी मेकॅनिक पुन्हा आला आणि फाटकापाशीच मुलाला गाठून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, आता पुरे करू. काका रडकुंडीला आलेत. आधीचा रिले बसवून टाकतो."

"अजून थोडे दिवस," मुलगा म्हणाला. "सवय अशीच सुटते."

बाबा बॉनेटखाली वाकलेले होते, कोपरापर्यंत हात काळे. घरात त्यांचा फोन वाजायला लागला. आई आतल्या खोलीत झोपली होती. बघ रे कोण आहे, म्हणून बाबांनी मुलाला आत पाठवलं.

फोनवर एक बाई होत्या. काकूंच्या घरूनच बोलताय ना, त्यांनी विचारलं. मुलगा बोलतोय, असं त्याने सांगितलं.

"बरं झालं, तुम्हाला सांगितलं म्हणजे त्यांनी. सुनेचं बाळंतपण होईपर्यंत घरात बोलायचं नाही, असं काकूंनी सगळ्यांना बजावलं होतं," बाई म्हणाल्या. "मी रेडिएशन विभागातून बोलतेय. काका रोज म्हणतात गाडी बंद आहे, उद्या नक्की आणतो. पण घशाच्या कॅन्सरला उपचार असा मधेच तोडून चालत नाही हो."

आज आणलं तर चालेल का, असं मुलाने विचारलं.

आणा, बाई म्हणाल्या. मात्र उरलेला उपचार पुढे द्यायचा, की आता त्याचा उपयोग नाही, हे नव्याने तपासल्याशिवाय डॉक्टर सांगणार नाहीत.