डॉक्टरीणबाईंची मनाई

गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून स्पष्टच सांगितलं, “मी सांगेपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. पण म्हणून पाठ फिरवून झोपू नका. जवळ घ्या, कुरवाळा, मुके घ्या. त्याला माझी ना नाही.”

रंगारी आधी हिरमुसला, मग वळणावर आला. एरवी दिवा मालवला की त्याचं पाच मिनिटांत उरकायचं आणि तो घोरायला लागायचा. ती आपली छताकडे बघत पडून राहायची. आता दिवा चालू असायचा. टर्पेंटाइनचा वास मारणारे त्याचे खरखरीत हात, नवी भिंत तपासावी तसे, तिच्या मानेवरून, पाठीवरून सावकाश फिरायचे.

“इथे बरं वाटतं का गं?” एकदा त्यानं विचारलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

आज तपासणी झाली. “छान भरून आलंय. आता कसलंच बंधन नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रंगाऱ्याची कळी खुलली. “सुटलो बुवा एकदाचे!” म्हणत तो स्कूटर काढायला खाली पळालासुद्धा.

पिशवी राहिल्याचं निमित्त करून ती दारातून परत फिरली. चेहरा अगदी कोरा.



“बाई, इतक्यात जमणार नाही, असं तुम्हीच सांगाल का त्यांना?”