बेकरीपासून दोन चौक

"एवेनोरच्या बेकरीपासून तळ्याच्या दिशेने दोन चौक," लायसन कचेरीच्या खिडकीतल्या कारकून विल्मरने टाइप करता करता मोठ्याने म्हटलं, आणि निनोस्काने काचेवर टकटक केलं.

"ते खोडा."

मानाग्वा शहरात घरांना नंबर नसतात. पत्ता मोजायचा तो एखाद्या ओळखीच्या जागेपासून, आणि निनोस्काच्या वस्तीत अशी जागा एकच होती, तिच्या नवऱ्याची बेकरी. त्याच नवऱ्याला सोडून, शाळेच्या मुलांची आपली पिवळी गाडी घेऊन ती दोन चौक पलीकडे राहायला गेली होती. लायसन आणि गाडीची कागदपत्रं नव्या पत्त्यावर करून घ्यायला ती सकाळपासून रांगेत उभी होती. त्या माणसाचं नाव आता आपल्या लायसनवर वागवायचं नाही, एवढं तिने पक्कं ठरवलं होतं.

"का, दोन्या?" तिकडे बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं तो म्हणाला. "पत्ता चुकलाय का?"

"बरोबर आहे. तरी खोडा."

"मग मोजू कुठून? तिकडे मोठं झाड नाही, चर्च नाही, साधा पेट्रोलपंप नाही."

"माझी पिवळी गाडी दारात उभी असते. तिच्यासमोर, असं लिहा."

"गाडी हलते हो. खूण एका जागी राहणारी लागते. बेकरी कशी, तिथल्या तिथे असते."

"बेकरी असते. बेकरीवाला नव्हता एका जागी राहत."

रांग खदखदून हसली. विल्मरही हसला, पण त्याची बोटं काही हलेनात. ओळखीच्या खुणेशिवाय साहेब सही करत नाहीत, म्हणाला. "नुसतं नाव तर आहे, असू द्या की. वाचतंय कोण?"

"पोलीस वाचतो. गाडी अडवतो आणि मोठ्याने वाचतो. मागे मुलं बसलेली असतात. त्यांनी मला अजून एवेनोरची बायकोच म्हणत राहायचं?"

तिचा आवाज चढला होता. राग होताच, आणि इतक्या लोकांसमोर हे बोलावं लागतंय याची लाजही वाटत होती. पण खिडकी तिने सोडली नाही.

"जरा बाजूला बसा, विचार करा," विल्मर म्हणाला. "पुढचे!"

"बसणार नाही. इथेच उभी आहे." ती वीतभर सरकली.

पुढे आल्या त्या दोन्या एरिबेर्ता, तिच्याच वस्तीतल्या, या वयातही भाजीचा टेम्पो स्वतः चालवणाऱ्या. त्यांच्या लायसनची मुदत संपली होती.

"पत्ता तोच ना? बेकरीपासून..."

"नाही. बदललाय."

"घर बदललंत?"

"घर जागच्या जागी आहे. पत्ता बदललाय. लिही, निनोस्काच्या घरापासून उगवतीकडे एक चौक."

"कोण निनोस्का?"

"डोळे आहेत ना रे पोरा तुला? ही काय शेजारी उभी. वस्तीतली निम्मी पोरं हिच्या गाडीतून शाळेत जातात. हिचं घर ज्याला ठाऊक नाही, तो आमच्याकडचा नाहीच."

रांगेतून कुणीतरी "खरंय, खरंय" म्हणालं. विल्मरने साहेबांच्या दाराकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि टाइप केलं. साहेबांनी फोनवर बोलता बोलता कागदावर सही ठोकली.

ती सही पाहताच निनोस्का परत खिडकीसमोर आली.

"आता माझं घ्या. दोन्या एरिबेर्तांच्या घरापासून मावळतीकडे एक चौक. या खुणेवर तर तुमच्या साहेबांची सहीच आहे."

विल्मर अर्धं लिहून थांबला. एकदा तिच्याकडे, एकदा म्हातारीकडे बघत राहिला.

"अहो, यांचं घर तुमच्यापासून, तुमचं यांच्यापासून. मग तुम्ही दोघी आहात तरी कुठे?"

"आपापल्या घरी," निनोस्का म्हणाली. "छापा."