जेवलास का?

"काकू गेल्या तेव्हा तू आईला काय लिहिलंस रे? मी विचारलं तर सांगतच नाही ती." फोनवर ताईचा आवाज चढला होता.

काकू गेल्या? आईच्या शेजारच्या काकू. दोघी रोज संध्याकाळी हात धरून जिना उतरायच्या, फिरून यायच्या. "लिहिलं होतं काहीतरी," असं पुटपुटून त्यानं फोन ठेवला आणि आईचे निरोप उघडले. बरेच दिवस त्यानं ते उघडलेच नव्हते. गरजच पडली नव्हती.

आईला फोनवर नीट ऐकू यायचं नाही, म्हणून मायलेकांचं सगळं बोलणं लिहून चाले. ती दिवसभर लिहायची, हा कामाच्या रगाड्यात विसरायचा, मग ती रुसायची. ऑफिसात त्याचं काम तरी काय? गिऱ्हाइकाच्या निरोपात ठरावीक शब्द शोधायचा आणि ठरावीक उत्तर धाडायचं, असा प्रोग्रॅम लिहिणं. साहेबांनी पाठ थोपटली आणि याच्या डोक्यात किडा वळवळला. तोच प्रोग्रॅम त्यानं आईलाही लावून दिला. 'औषध' दिसलं की 'वेळेवर घे हं'. 'जेवल' एवढी अक्षरं दिसली की 'हो, जेवलो. तू?' मग पुढे काना असो की मात्रा, एकही निरोप निसटायचा नाही. या युक्तीवर स्वारी भलतीच खूश होती. "आई सांगत होती, हल्ली तू लगेच उत्तर देतोस," असं ताईही म्हणाली होती. बाकीच्या निरोपांना तो सवडीनं उत्तर देणार होता. ती सवड काही मिळाली नाही.

आता समोर आईचा निरोप होता. 'काकू सकाळी गेल्या. इथे कोणी जेवलं नाही.'

त्याच्याखाली, त्याच मिनिटाला, त्याच्या नावानं: 'हो, जेवलो. तू?'

आईनं त्यावर फक्त 'बरं' लिहिलं होतं. त्यानंतर काकूंचं नाव नाही, गुडघ्याची तक्रार नाही. नुसतं 'जेवलास का?' सकाळी तेच, दुपारी तेच, पुन्हा संध्याकाळी तेच. आणि प्रत्येक वेळी तेच तत्पर उत्तर.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं प्रोग्रॅम बंद केला. ऑफिसातल्या खुर्चीतून उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. साहेबांनी काहीतरी विचारलं, त्यानं हो म्हटलं. काय विचारलं ते देव जाणे. आईला खरं सांगावं, तर इतके दिवस ती यंत्राशी बोलत होती हे तिला कळणार. न सांगावं, तर काकूंच्या मरणावर जेवणाची चौकशी करणारा मुलगा म्हणून तिच्या मनात राहायचं. दोन्हीकडून लाजच. तो पुन्हा उठला, पुन्हा बसला.

तेवढ्यात फोन थरथरला. 'जेवलास का?'

त्यानं 'हो, जेवलो' लिहिलं आणि खोडलं. 'आई, माझं चुकलं' लिहिलं, तेही खोडलं. चहा निवला. लोकांच्या निरोपांतले शब्द हुडकून पोट भरणाऱ्या या माणसाला स्वतःच्या आईसाठी एक धड वाक्य सुचेना. शेवटी त्यानं लिहिलं, 'नाही जेवलो. काकूंचं मला आत्ता कळलं. तू कशी आहेस?'

निरोप गेला. पलीकडे आई लिहीत असल्याची खूण दिसली, थांबली, परत दिसली. तो फोनकडे टक लावून बसला.

मग तिचं उत्तर आलं.

'उशीर लागला, म्हणजे तूच. ते दुसरं मेलं लगेच बोलतं. रोज विचारून बघत होते रे, तू आलास का ते.'